हॅवलॉकला निवांत सुट्टी : नांदेड-लातूर-संभाजीनगरकडून जाणाऱ्यांनी कुठल्या क्रमानं काय करायचं

अंदमानहून परत आलेली आपल्याकडची बरीच मंडळी घरी आल्यावर दोन दिवस झोपून काढतात, म्हणजे सुट्टीचा शीण घालवायला परत सुट्टी. बहुतेक वेळा घोळ एकच असतो, पाच रात्रीत तीन बेटं, रोज पहाटे बॅग भरा, जेट्टीवर पळा, फोटो काढा, परत बॅग भरा. आणि दुसरा घोळ बुकिंगच्या क्रमाचा. आधी हॉटेल, मग विमान, आणि फेरीचं, म्हणजे बेटावर नेणाऱ्या बोटीचं, तिकीट "तिथं गेल्यावर बघू". हाच क्रम बदलला तर निम्मा ताप इथंच संपतो.

खाली जे लिहिलंय ते हॅवलॉक, म्हणजे अंदमानातलं एक बेट, धरून आहे. २०१८ च्या डिसेंबरात त्याचं सरकारी नाव स्वराज द्वीप झालं, शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं, जिथं विमान उतरतं त्या गावाचं, श्री विजयपुरम. बुकिंग करताना कुठं जुनं नाव दिसेल कुठं नवं, गोंधळू नका. विमानाच्या तिकिटावरचा कोड आयएक्सझेड असला म्हणजे गाव तेच.

टप्पा १ : कोण येतंय ते आधी लिहून काढा

हसू नका, हा टप्पा बहुतेक जण गाळतात. कागद घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढं तीन गोष्टी लिहा. पोहता येतं का, गाडी लागते का, आणि रोजची कुठली गोळी चालू आहे. आईचे गुडघे दुखत असतील तर स्पीडबोटीत उतरणं-चढणं हे तिच्यासाठी काम आहे, मजा नाही. सहा वर्षाच्या लेकराला स्कुबा, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाणं, मिळणारच नाही, किमान वय १० लागतं. घरातल्या एकाला दमा, हार्टचा त्रास किंवा बीपी असेल तर स्कुबाच्या फॉर्मवर ते विचारतातच आणि डॉक्टरची चिठ्ठी मागतात, तेव्हा ती चिठ्ठी इथूनच आणा. तिथं फॉर्मवर सगळीकडं "नाही" अशी टिक करून मोकळे होणारे लोक असतात, पाण्याखाली जायचंय बाबा, शाळेचा फॉर्म नाही तो.

मग ठरवा की रोज एकच मोठी गोष्ट करायची. एकच. बाकी दिवस पाणी, झाड, खाणं, झोप. हे ठरलं नाही तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

टप्पा २ : महिना

जानेवारी ते मार्च सगळ्यात बरा. समुद्र शांत, पाणी स्वच्छ, हवा सोसवण्यासारखी. शेतीवाल्यांना तर तूर निघाल्यावर आणि हरभऱ्याच्या काढणीआधी जो मोकळा वेळ मिळतो तो बरोबर यात बसतो. ख्रिसमस ते न्यू इयर शक्यतो टाळा, तेव्हा रेट पण चढे आणि गर्दी पण.

दिवाळीच्या सुट्टीत जाणारे आपल्याकडं खूप, मास्तर लोक तर सगळेच. जा, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरात वादळं येण्याचा काळ आहे हे धरून एक दिवस जास्तीचा ठेवा. उन्हाळ्यात एप्रिल चालतो, घाम निघतो पण पाणी छान असतं. मे मध्ये मात्र लवकर उरका, कारण मान्सून आपल्याकडं मृगात येतो पण अंदमानात मे च्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासच पोचतो, आणि मग फेऱ्या रद्द व्हायला लागतात. "लग्नसराई उरकली की २५ मे ला जाऊ" हा प्लॅन ऐकायला छान आहे, एवढंच.

तपासा : तारखा ठरवताना कालनिर्णय पण काढा. अमावस्येच्या आसपासच्या अंधाऱ्या रात्री समुद्राच्या पाण्यात हात फिरवला की निळसर उजेड दिसतो, बारीक जीव असतात त्यांचा तो उजेड, आणि तो बघायला रात्रीची कयाक राईड, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून चक्कर, असते. पौर्णिमेच्या चांदण्यात तो फिका पडतो. अमावस्येला प्रवासाला न निघणाऱ्या घरांनी दोन दिवस आधी निघावं, म्हणजे दोन्ही साधतं.

टप्पा ३ : रात्री वाटून घ्या, मगच बुकिंगला हात लावा

निवांत सुट्टीसाठी माझी वाटणी अशी : एक रात्र हैदराबाद, एक रात्र पोर्ट ब्लेअर, चार रात्री हॅवलॉक, शेवटची एक रात्र परत पोर्ट ब्लेअर. नील बेट गाळा. होय, गाळा. नील सुंदर आहे यात वाद नाही, पण त्याच्यासाठी अजून एक फेरी, अजून एक चेक-इन, अजून एकदा ओले कपडे पिशवीत कोंबणं. ज्यांना फारच वाटतं त्यांनी हॅवलॉकच्या तीन आणि नीलच्या दोन करून एक दिवस वाढवावा, चारच रात्रीत दोन्ही बेटं कोंबू नयेत.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला कशासाठी? फेरी हवामानामुळं रद्द झाली तर फेरीवाला पैसे परत देईल, पण तुमचं विमान तुमच्यासाठी थांबणार नाही. सकाळच्या फेरीनं हॅवलॉकहून येऊन दुपारचं विमान पकडायचा प्लॅन एजंट सर्रास देतात. दहातल्या नऊ वेळा जमून जातो म्हणूनच देतात, दहाव्या वेळी तुम्ही जेट्टीवर बॅगांवर बसलेले असता आणि एजंटचा फोन लागत नाही.

टप्पा ४ : बुकिंगचा क्रम. विमान, फेरी, मग हॉटेल

सगळ्यात जास्त चुका इथं होतात म्हणून जरा सावकाश वाचा.

४.१ विमान. मराठवाड्यातून हैदराबाद सगळ्यात सोयीचं. नांदेड, लातूर, परभणीवाल्यांना तर मुंबईला जायचं काही कारणच नाही, आणि संभाजीनगरवाल्यांना चिकलठाण्याहून हैदराबादचं विमान मिळालं तर उत्तम, नाहीतर देवगिरी किंवा अजिंठा एक्सप्रेस आहेच. हैदराबादहून पोर्ट ब्लेअर अडीच तासांच्या आसपास. यातली मेख अशी की चांगली विमानं सकाळी लवकर सुटतात, आणि विमानतळ शमशाबादला, म्हणजे शहराच्या पार दक्षिणेला, आणि आपण येतो उत्तर-पश्चिमेकडून. रात्रभर ट्रॅव्हल्सनं येऊन पहाटे तसंच विमानतळावर जायचं म्हणजे सुट्टीचा पहिला दिवस डोळे चोळण्यात गेला. आदल्या दिवशी दुपारपर्यंत हैदराबादला पोचा, शमशाबादच्या बाजूलाच साधी खोली घ्या, रात्री बिर्याणी खा, झोपा.

तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का बघा. आपल्याकडं आधारवर एक, पॅनवर एक, शाळेत तिसरंच असतं. लेकरांचं पण आधार काढून ठेवा, फेरीला पण लागतं.

४.२ फेरी. विमान कन्फर्म झालं की त्याच दिवशी, शक्य असेल तर त्याच तासात, फेरी बुक करा. मॅक्रुझ, नॉटिका यांच्यासारख्या खाजगी बोटी दीड ते दोन तासात नेतात, तिकीट आधी मिळतं, आत एसी आणि नंबरचं सीट. सरकारी बोट स्वस्त, वेळ जास्त, पण डेकवर वाऱ्याला उभं राहता येतं आणि ज्यांना बंद जागेत मळमळतं त्यांना तीच बरी. फक्त सीझनमध्ये तिची तिकिटं मिळणं नशिबावर, बेटावरच्या लोकांची रोजची एसटीच आहे ती, त्यामुळं सगळा प्लॅन तिच्या भरवशावर ठेवू नका. जातानाची आणि येतानाची दोन्ही तिकिटं एकदम काढा. नुसतं जायचं काढून निघालेले लोक तिथं जेट्टीवर दिसतात, चेहऱ्यावरून ओळखू येतात.

सावध : पोर्ट ब्लेअरला जेट्ट्या एकापेक्षा जास्त आहेत. हॅडो वेगळी, फिनिक्स बे वेगळी. तिकिटावर कुठली लिहिलीय ते बघून रिक्षावाल्याला सांगा, "हॅवलॉकची बोट" एवढंच सांगून बसू नका.

४.३ हॉटेल. फेरीची वेळ हातात आल्याशिवाय हॉटेलचे पैसे भरू नका, कारण सकाळची फेरी मिळाली नाही तर तुमची बेटावरची पहिली रात्र संध्याकाळी सुरू होते.

टप्पा ५ : खोली कुठं घ्यायची

हॅवलॉकचे किनारे नंबरनं ओळखतात. जेट्टीजवळचा १ नंबर, गोविंदनगरचा ३, विजयनगरचा ५, आणि बेटाच्या दुसऱ्या अंगाला, जेट्टीपासून साधारण १२ किलोमीटरवर राधानगर म्हणजे ७ नंबर. बाजार, हॉटेलं, डायव्हिंगची दुकानं, गिटार वाजवत गाणारे, संध्याकाळची लगबग सगळी ३ आणि ५ च्या पट्ट्यात. गजबज म्हणजे गोव्यासारखी रात्रभर नव्हे, बेट तसं लवकर झोपतं, पण सीझनमध्ये संध्याकाळी ६ ते १० रस्त्यावर मस्त वर्दळ असते.

निवांतपणा पाहिजे म्हणून लोक राधानगरकडं आतमध्ये खोली घेतात आणि मग रात्री जेवायला बाहेर पडायचं म्हटलं की ऑटोवाला मागेल ते द्यावं लागतं. माझं मत, खोली ५ नंबरला घ्या. बाजार जवळ हवा, उशाशी नको. फोन करून एवढं विचारा :

खोली रस्त्यापासून किती आत आहे? शेजारी कुणाचं लाइव्ह म्युझिक असतं का आणि किती वाजेपर्यंत? लाइट गेली तर जनरेटरवर एसी चालतो का, का नुसता पंखा? जेट्टीवरून आणायला गाडी येते का? व्हेज स्वयंपाक वेगळा होतो का? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा, समोरच्या किनाऱ्यावर पोहता येतं का?

हा शेवटचा प्रश्न का, तर ५ नंबरच्या किनाऱ्याची गंमतच तशी आहे. सकाळी खोलीतून बाहेर आलात तर नारळाखाली हिरवं-निळं पाणी अगदी झाडाच्या मुळांपर्यंत आलेलं, लेकरं नाश्ता सोडून पळतात. जेवून झोपून उठलात की तेच पाणी लांब आत गेलेलं, मागं नुसते खडक, शेवाळ, खळग्यात अडकलेले बोटाएवढे मासे आणि तिरके पळणारे खेकडे. लोकांना वाटतं फसवलं, फोटोत तर पाणी होतं. फसवलं कुणी नाही, ओहोटी आहे. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासानं पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं आणि जास्तच उतरतं. म्हणून हॉटेलवर पोचल्या पोचल्या आजच्या भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्या आणि दिवस त्याप्रमाणं लावा. ओहोटीत खडकांवर अनवाणी जायचं नाही, पाय कापतात आणि खाऱ्या पाण्यात ती जखम लवकर भरत नाही.

टप्पा ६ : बॅग

देशातल्या विमानात साधारण १५ किलो बॅग आणि ७ किलो हातात, याच्या वर गेलं की काउंटरवर पैसे. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा खुशाल न्या, पहिले दोन दिवस आणि फेरी लेट झाली तर हेच कामाला येतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र टाकू नका, विमानात चालत नाहीत, त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं म्हणून काढून घेतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही.

कपड्यांचं म्हणाल तर जीन्स घरी ठेवा. वाळत नाही, खारट होते, मांड्या घासून निघतात. लवकर वाळणारे कपडे, पूर्ण बाह्यांचा एक टीशर्ट पाण्यात घालायला. आपल्याला वाटतं आपण मराठवाड्याच्या उन्हात वाढलो, आपल्याला काय होतंय, पण पाण्यावरून ऊन परत अंगावर येतं आणि स्नॉर्कलिंग करताना, म्हणजे मास्क लावून तोंड पाण्यात घालून तरंगताना, पाठ वर असते, संध्याकाळी ती टेकवता येत नाही. खोबरेल घ्या, वाळूतल्या बारीक माश्या चावतात त्याला लावायला.

औषधं दोन ठिकाणी, निम्मी हातातल्या बॅगेत निम्मी मोठ्या बॅगेत. बेटावर प्राथमिक दवाखाना आहे, पण मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं, त्यामुळं शुगर-बीपीच्या गोळ्या पाच दिवस जास्तीच्या. रोख पैसे पण. २०२० ला चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून नेट पुष्कळ सुधारलंय, तरी एटीएम मोजकीच आणि कधी नेमकं फोनवरून पैसे जात नाहीत.

टप्पा ७ : पोचायचा दिवस आणि फेरी

विमान उतरलं त्याच दिवशी हॅवलॉक गाठायचा हट्ट करू नका. पोर्ट ब्लेअरला खोलीवर जा, जेवा, दुपारी सेल्युलर जेल बघा, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो बघा. आपली माणसं जेलमध्ये घाईत फिरू शकत नाहीत, सावरकरांच्या कोठडीपाशी थांबतातच, तेव्हा वेळ मोकळा ठेवा.

दुसऱ्या दिवशी फेरी. सुटायच्या तासभर आधी जेट्टीवर. ज्याला गाडी लागते त्यानं डॉक्टरला विचारून आणलेली गोळी बसायच्या आधी तासभर घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन काही होत नाही. पोट एकदम रिकामं नको आणि मिसळ-पुरीनं भरलेलं तर बिलकुल नको, दोन इडल्या किंवा केळं बास. आत एसी फार असतो, आजीला शाल द्या. सीट निवडता आलं तर खालच्या मजल्यावर मधलं, पुढं नाही, पुढं जास्त आपटतं. मोबाईलमध्ये डोकं घालू नका, खिडकीतून लांब समुद्राची रेघ बघा.

तपासा : बोटीत मोठी बॅग वेगळी ठेवतात. औषधं, आधार, पैसे, लेकरांचा एक जोड कपडे हातात.

टप्पा ८ : बेटावरचे चार दिवस

घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. अंदमान खूप पूर्वेला असल्यामुळं तिथं सूर्य आपल्यापेक्षा पाऊण ते सव्वा तास आधी मावळतो, डिसेंबरात तर पाचच्या सुमारालाच. दुपारी झोपून साडेचारला चहा घेऊन "चला आता सनसेट बघू" म्हणणारे राधानगरला अंधारात पोचतात. दुपारी साडेतीनपर्यंत तिथं पोचा. सकाळ मात्र लवकर होते, उन्हाळ्यात पाचलाच लख्ख, तेव्हा आपली पहाटे उठायची सवय इथं वसूल होते.

पहिला दिवस : काहीच नाही. खोली, किनारा, बाजारात चक्कर, मासे खाणाऱ्यांनी मासे.

दुसरा दिवस : स्कुबा करायचं असेल तर आजच, सकाळी. शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका, कारण डायव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं. शरीरात दाबानं विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो, विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात आणि ते जिवावर बेतू शकतं. पोहता न येणाऱ्याला पण इन्स्ट्रक्टर घेऊन जातो, त्याची काळजी नको. सर्दी झाली असेल तर मात्र रद्द करा, कान फुटायची पाळी येते. आदल्या रात्री दारू नाही.

तिसरा दिवस : एलिफंट बीच, पहिल्या बोटीनं. उशिरा गेलात तर स्नॉर्कलिंगला रांग आणि पाणी गढूळ. तिथं फोटोच्या, सी-वॉकच्या, जेट-स्कीच्या पॅकेजचा मारा होतो, घरून ठरवून जा काय करायचंय ते. प्रवाळावर उभं राहायचं नाही, मास्कमध्ये पाणी गेलं तरी नाही, लाइफ जॅकेट घातलेलं असतं, तरंगा.

चौथा दिवस : दुपारी राधानगर, अंधार पडेपर्यंत. सकाळ पूर्ण रिकामी. ही रिकामी सकाळ बघून कुणीतरी म्हणेलच की मग कालापत्थरचा किनारा करून येऊ, त्याला एकट्याला स्कूटी भाड्यानं देऊन पाठवा.

टप्पा ९ : पाण्यात उतरण्याआधी

विहिरीत कप्प्या मारून पोहायला शिकलेल्या आपल्या मंडळींना हे मुद्दाम सांगतो. विहिरीचं पाणी तुम्हाला कुठं ओढून नेत नाही. समुद्र नेतो. राधानगरला लाटा परतताना कधी ओढ तयार होते, सरळ किनाऱ्याकडं हात मारत राहिलात तर माणूस दमतो आणि बुडतो. अशा वेळी घाबरायचं नाही, किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं, ओढ संपली की मग आत यायचं. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. लाइफगार्डनं शिट्टी मारली की बाहेर, वाद नाही.

सावध : अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, ही अफवा नाही. खाड्या, खारफुटी, ओढा समुद्राला मिळतो ती जागा, इथं पाय पण बुडवायचा नाही. राधानगरच्या एका टोकाला नील्स कोव्ह म्हणून शांत डोहासारखी जागा आहे, फार मोह होतो, पण २०१० मध्ये तिथं एका परदेशी पर्यटक बाईचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. पाटी असेल तिथं पाटीचं ऐका, नसेल तिथं हॉटेलवाल्याला विचारा.

टप्पा १० : परतीचं

पाचव्या दिवशी सकाळची फेरी धरा, दुपारची नको, म्हणजे लेट झाली तरी त्याच दिवशी पोर्ट ब्लेअरला पोचता. संध्याकाळी अबर्डीन बाजारातून काय घ्यायचं ते घ्या.

किनाऱ्यावरून उचललेले शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे खिशात, पर्समध्ये, लेकरांच्या पाण्याच्या बाटलीत, कुठंच नको. विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसतात, बॅग उघडायला लावतात, आणि यातले बरेच प्रकार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळं "लेकरानं उचललं साहेब" म्हणून भागत नाही. आदल्या रात्री लेकरांच्या बॅगा उलट्या करून झटका, वाळूबरोबर दोन-चार शंख निघतातच. दुकानातून शिंपल्याची वस्तू घेतली असेल तर पक्कं बिल घ्या आणि ते हातातल्या बॅगेत ठेवा.

हैदराबादला विमान दुपारी उतरत असेल तर रात्रीच्या गाडीचं रिझर्व्हेशन जातानाच काढून ठेवा. विमान उतरायची वेळ आणि गाडी सुटायची वेळ यात पाच तास तरी धरा, शमशाबादहून स्टेशन गाठेपर्यंत संध्याकाळचं ट्रॅफिक कुणालाच सोडत नाही.